पोस्टकार्डाएवढे घर
(रेम्ब्राँटच्या एका अम्लरेखनाचा अभ्यास)
द्वितीय वर्ष कला

आमच्या घरात तांब्या-पितळेची भांडी पुष्कळ असतात, पण ती आमची नसतात. ती नाव घालण्यासाठी येतात आणि नाव घालून झाले की जातात. माझे वडील बाजारपेठेतील भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून हे काम करतात. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून सप्रेम भेट', 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरे ते बारीक छिन्नीने आणि लहान हातोडीने तांब्यावर उमटवितात. अलीकडे स्टीलच्या भांड्यांसाठी त्यांनी विजेचे यंत्र घेतले आहे. तांबे आले की मात्र छिन्नीच काढतात. महाविद्यालयात प्रवेश घेताना अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. तेथे मी 'खाजगी' असे लिहिले होते. ही गोष्ट येथे सांगण्याचे कारण पुढे येईलच.

गेल्या वर्षी सतराव्या शतकातील हॉलंड शिकत असताना आमच्या मॅडमनी प्रत्येकाला त्या काळातील एकेक चित्र दिले आणि त्यावर दोन पाने लिहून आणावयास सांगितले. माझ्या वाट्याला रेम्ब्राँटचे एक लहानसे एचिंग आले. मी लिहिले: एक गरीब घरातील आई तान्ह्या बाळाला कवटाळून जमिनीलगत बसली आहे, शेजारी मांजर खेळते आहे, एका बाजूला चूल आहे, असे हे डच घरगुती जीवनाचे साधे चित्र होय. वही परत आली तेव्हा समासात लाल शाईने एकच प्रश्न होता: 'पायाखाली काय आहे?'

ग्रंथालयातून भिंग मागून घेतले आणि पुन्हा पाहिले. पायाखाली साप होता.

त्या एका प्रश्नामुळे मी हे चित्र वर्षभर पाहत आले आहे. ते कसे तयार केले आणि त्याचा अर्थ काय, हे दोन प्रश्न मला आरंभी वेगवेगळे वाटत होते. आता तसे वाटत नाही. ते का, हे सहाध्यायी मित्रमैत्रिणींपुढे व गुरुजनांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

चित्र आणि चित्रकार

रेम्ब्राँट हार्मेन्सझोन व्हान राइन याचा जन्म 1606 साली हॉलंडमधील लायडन येथे झाला. वडील गिरणीवाले होते. मुलाने शिकावे म्हणून त्यांनी त्याला लॅटिन शाळेत घातले, आणि 1620 साली वयाच्या चौदाव्या वर्षी लायडन विद्यापीठाच्या पटावर त्याचे नाव लागले. पण तो तेथे फार काळ रमला नाही, चित्रकलेकडे वळला. पुढे अ‍ॅम्स्टरडॅम येथे त्याने नाव आणि पैसा दोन्ही मिळविले, व 1669 साली त्याच शहरात त्याचा मृत्यू झाला. त्याची तैलचित्रे जगप्रसिद्ध आहेत. परंतु आयुष्यभरात त्याने सुमारे 300 एचिंगेही केली, आणि त्याच्या हयातीत दूरदूरच्या लोकांपर्यंत त्याचे नाव पोहोचविले ते मुख्यतः या कागदांनी. तैलचित्र एकाच भिंतीवर टांगता येते. छापील चित्राच्या अनेक प्रती निघतात आणि त्या गाठोड्यात घालून कोठेही नेता येतात.

आपल्या चित्राचे रूढ नाव 'कुमारी माता, बाळ, मांजर आणि साप' असे आहे. त्यावर रेम्ब्राँटची सही असून 1654 हे साल घातलेले आहे. उंची सुमारे 95 मिलिमीटर आणि रुंदी सुमारे 145 मिलिमीटर. मी त्या मापाचा कागद कापून पाहिला, तर तो जवळजवळ आपल्या पोस्टाच्या कार्डाएवढा भरला. आज मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अशी चित्रे हवी तेवढी मोठी करून पाहता येतात, आणि त्याचा उपयोगही होतो. पण कापलेला कागद तळहातावर ठेवल्याशिवाय एक गोष्ट लक्षात येत नाही. हे चित्र भिंतीवर लावून दहा जणांनी पाहावे असे नाहीच. ते एका माणसाने हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहावयाचे आहे. घरातील पत्र वाचावे तसे.

त्याच साली आणि जवळपास त्याच मापात रेम्ब्राँटने येशूच्या बालपणाची आणखी काही चित्रे केली: मेंढपाळांचे दर्शन, सुंता, इजिप्तकडे पलायन, मंदिरातील पंडितांशी चर्चा, आईवडिलांबरोबर घरी परतणे. म्हणजे माझ्या वहीतील 'गरीब घरातील आई' ही मरिया होती आणि बाळ येशू होता. मला ते ओळखता आले नाही. पण ओळखता येऊ नये, किंवा निदान सहजासहजी येऊ नये, अशी योजना खुद्द चित्रकारानेच केली असावी काय? हा प्रश्न मनात ठेवून प्रथम कृतीकडे वळू.

तांबे, मेण आणि आंबट

तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापण्याच्या दोन मुख्य रीती त्या काळी होत्या. पहिली रीत कोरण्याची. त्यात पोलादी हत्याराने तांबे प्रत्यक्ष खरवडून काढतात. रेघ जितकी खोल, तितका हाताचा जोर लागतो. दुसरी रीत एचिंगची, म्हणजे अम्लरेखनाची. तिच्यात तांबे हाताने कोरावयाचे नसते. ते काम आम्लाकडून करून घ्यावयाचे असते.

त्याची कृती अशी. तांब्याचा सपाट पत्रा घासून आरशासारखा करतात आणि त्यावरील तेलकटपणा काढून टाकतात. मग तो गरम करून त्यावर मेणाचा पातळ लेप देतात. 1660 साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकात रेम्ब्राँटच्या नावाने अशा लेपाची कृती दिलेली आहे. तिच्यात मेण, मस्तकी आणि डांबरासारखा अ‍ॅस्फाल्ट हे पदार्थ आहेत. लेप थंड झाला की सुईने त्यावर चित्र काढावयाचे. सुई तांब्यात रुतवावी लागत नाही. मेण बाजूला सरून खालचे तांबे उघडे पडले म्हणजे झाले. नंतर आम्ल सोडले की जेथे मेण आहे तेथे ते शिरत नाही. जेथे तांबे उघडे आहे तेथे ते खाते, आणि रेघ खोल होते.

हे वाचताना माझा फार गोंधळ झाला होता. शेवटी समजले ते आईच्या एका वाक्यामुळे. दिवाळीच्या आवरासावरीत तिने माळ्यावरचे पितळेचे जुने पातेले काढले आणि म्हणाली, "याची कल्हई गेलीय. यात ताक ठेवू नको, कळकेल." आपल्या आई-आजींना हे सांगावे लागत नाही. आंबट पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला लागला की तो धातू खातो, हिरवट होतो आणि अन्न बिघडते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा थर देतात, तीच कल्हई. जोवर थर शाबूत आहे तोवर आंबट पितळेपर्यंत पोहोचत नाही. जेथे थर गेला तेथे कळकते. एचिंग म्हणजे जाणूनबुजून, आणि फक्त रेघेपुरते, कळकू देणे होय. चित्रकार मेणाची कल्हई करतो आणि सुईने तीच कल्हई हव्या त्या जागी काढतो.

हा नुसता दृष्टान्त नव्हे. फ्रान्समधील आब्राम बोस याने 1645 साली, म्हणजे आपल्या चित्राच्या अवघी नऊ वर्षे आधी, या विद्येवर एक पुस्तक छापले. त्यात दिलेल्या एका द्रवात शिरका, मीठ, नवसागर आणि तांब्यावरचा हिरवा जंगाल हे पदार्थ आहेत. पत्रा तिरपा ठेवून हा द्रव त्यावरून पुन्हा पुन्हा ओतीत. नवसागर तर आपल्याकडे कल्हईवाल्याच्या पिशवीतच असतो. म्हणजे ज्या वस्तूंनी जगप्रसिद्ध चित्रे होत असत, त्यांतील बऱ्याच स्वयंपाकघराच्या आसपासच्याच होत्या.

पुढची पायरी छपाईची. लेप धुऊन काढतात, पत्रा किंचित गरम करून त्यावर दाट शाई चोळतात आणि फडक्याने व तळहाताने वरची शाई पुसून घेतात. शाई फक्त खाचांत उरते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला की कागद खाचांत शिरून शाई उचलतो. चित्र उलटे उमटते. पत्र्यावर जे डावे, ते कागदावर उजवे. म्हणून सही सुलटी यावी अशी इच्छा असेल तर पत्र्यावर ती उलटी काढावी लागते.

आता रेघ गडद किंवा फिकी कशी होते? हाताने दाबून नव्हे; ती वेळेने होते. आम्ल थोडा वेळ राहिले तर रेघ उथळ व फिकी, जास्त वेळ राहिले तर खोल व काळी. फिक्या ठेवावयाच्या रेघा मध्येच लेपाने झाकून बाकीच्या पुन्हा आम्लात घालता येतात. म्हणजे हात मोकळा राहतो आणि जोराचे काम वेळ करते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

वडिलांनी दिलेला धडा

एके रात्री मी चित्राची छापील नक्कल आणि भिंग वडिलांपुढे ठेवले. चित्र कोणाचे, कोठले, हे सांगितले नाही. फक्त विचारले, "हे तांब्यावर काढलंय. छिन्नीनं काढलंय का?" त्यांनी दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "ही छिन्नीची ओळ नव्हे गं. छिन्नी आत शिरताना ओळ बारीक असते, मध्ये भरते, बाहेर येताना पुन्हा बारीक होते. ही दोन्ही टोकांना सारखीच आहे. अन् हात बघ किती मोकळा फिरलाय. तांब्यावर हात असा फिरत नाही. लिहिल्यासारखं काढलंय यानं."

पुस्तकांत कोरलेली रेघ आणि एचिंगची रेघ ओळखण्याची जी खूण सांगितलेली असते, ती हीच: कोरलेली रेघ टोकाला निमुळती होते, आम्लाने खाल्लेली रेघ बोथट राहते. मला ती पाठ होती. त्यांना ती दिसली.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "चुकलं तर काय करतो?" मी म्हटले, तुम्ही काय करता? ते म्हणाले, "मागून ठोकायचं. पत्रा वर आला की घासून सपाट करायचा, अन् नव्यानं अक्षर घालायचं." पुढच्या आठवड्यात मी शोधले, तर एचिंगच्या पत्र्यावरची चूक दुरुस्त करण्याची रीतही हीच निघाली: रेघ खरवडणे, मागून ठोकून खळगा वर आणणे, घोटून सपाट करणे आणि पुन्हा रेखाटणे. आपल्या चित्राचाही पत्रा एकदा छापल्यानंतर पुन्हा हाती घेतलेला आहे. त्याच्या दोन अवस्था नोंदलेल्या आहेत. रेम्ब्राँट तर अनेक पत्र्यांवर असा परत परत जात असे. तो पत्राही नाहीसा झालेला नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हे ऐकून वडील एवढेच म्हणाले, "तांबं टिकतं."

खिडकी आणि प्रभामंडळ

आता अर्थाकडे येऊ. युरोपातील धार्मिक चित्रांत पवित्र व्यक्तीच्या मस्तकामागे तेजाचे वलय दाखविण्याची प्रथा जुनी आहे. आपल्याकडील देवादिकांच्या तसबिरींतही ते असते. ते दिसले की पाहणाऱ्याला कळते: ही साधी स्त्री नव्हे. जमिनीलगत बसलेल्या मरियेची ही ठेवण रेम्ब्राँटने इटलीतील आंद्रेआ मांतेन्या याच्या एका जुन्या कोरीव चित्रावरून घेतली आहे. कर्जापायी 1656 साली त्याच्या घरातील वस्तूंची यादी झाली, तीत मांतेन्याच्या कामाचे एक मौल्यवान पुस्तक नोंदलेले आहे. मांतेन्याच्या चित्रातही आई खाली बसून बाळाला कवटाळते आहे. पण तेथे घर नाही, मागची जागा मोकळी आहे. त्या आईभोवती घर बांधले ते रेम्ब्राँटने. त्याने तिला खिडकी दिली, चूल दिली, मांजर दिले.

आणि प्रभामंडळ? ते त्याने काढले आणि काढलेही नाही. मरियेच्या मस्तकामागे खिडकी आहे. तिच्या तावदानांतील नक्षीचा गोलाकार भाग बरोबर तिच्या डोक्यामागे येतो. खिडकी म्हणून पाहिले तर ती खिडकीच आहे. वलय म्हणून पाहिले तर ते वलय आहे. तेजासाठी वेगळी रेघ नाही, वेगळा रंग नाही.

येथेच कृती आणि अर्थ एकमेकांना भेटतात असे मला वाटते. एचिंगमध्ये उजेड काढता येत नाही. तो राखावा लागतो. शाई लागते ती खाचेला. जेथे सुई फिरली नाही तेथे कागद कोरा राहतो, आणि तो कोरा कागद म्हणजेच प्रकाश. तैलचित्रात प्रभामंडळाला सोन्याचा वर्ख लावता येतो. तो वर्ख चुलीला लावीत नाहीत. या चित्रात मात्र आईच्या गालावरचा उजेड आणि खिडकीतला उजेड एकाच कोऱ्या कागदाचे आहेत. अंधाराचेही तसेच. समांतर, सरळ, मोकळ्या रेघा घालून खोलीतील सावली केलेली आहे. त्याच जातीच्या रेघा आईच्या वस्त्रावर आहेत आणि त्याच चुलीच्या बाजूला आहेत. पवित्र वस्तूसाठी एक रेघ आणि घरगुती वस्तूसाठी दुसरी, असा भेद येथे नाही. देवत्व घराच्या बाहेरून आत आणलेले नाही; घरात जे आहे त्यातूनच ते दिसू दिले आहे. हा विचार रेम्ब्राँटने शब्दांत सांगितला नसेल, पण त्याच्या कृतीने तो सांगितलेला आहे.

साप, मांजर आणि बाहेरचा योसेफ

साप मरियेच्या पायाखाली, वस्त्राच्या काठाशी आहे. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात देव सापाला शाप देतो की स्त्रीची संतती तुझे डोके चिरडील. ख्रिस्ती परंपरेत हे वचन मरिया आणि येशू यांच्याशी जोडले गेले. म्हणून तिचा पाय सापावर असणे म्हणजे पापावरील विजय. एवढी मोठी घटना. पण चित्रात तिचा गाजावाजा नाही. मरिया सापाकडे पाहतसुद्धा नाही. ती बाळाला गालाशी धरून आपल्यातच हरवली आहे. माझ्यासारख्या अजाण मुलीला तो साप दिसलाच नाही, यात माझा दोष आहेच. पण थोडा चित्रकाराचा हेतूही असावा.

मांजराविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्यातही पापाची खूण पाहतात, कारण युरोपात मांजराचा संबंध सैतानाशी जोडला जात असे. इतरांना ते घरातले मांजरच वाटते. माझे मत दुसऱ्या बाजूला झुकते. ते मांजर वस्त्राच्या काठाशी खेळते आहे, आणि घरात लुगड्याच्या पदराशी खेळणारे मांजर ज्याने पाहिले आहे त्याला त्या पंजाची चेष्टा ओळखीची वाटेल. ते खूण म्हणून असलेच, तरी आधी मांजर आहे. प्रतीक ओळखण्याच्या घाईत आपण वस्तू पाहायचे विसरतो, आणि वस्तूच्या गोडव्यात प्रतीक निसटते. पहिली चूक विद्वानांची, दुसरी माझी.

सर्वांत अस्वस्थ करणारी आकृती योसेफाची आहे. मरियेचा हा पती खोलीत नाही. तो घराबाहेर उभा राहून खिडकीतून आत पाहतो आहे. घर त्याचे, कुटुंब त्याचे, पण मध्ये काच आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने याचा अर्थ लागतो: बाळ त्याचे नव्हे, ईश्वराचे आहे, तो केवळ राखणदार. परंतु मला त्या चेहऱ्यात आणखी एक गोष्ट दिसते. जे आत चालले आहे ते आपल्याहून मोठे आहे हे ज्याला कळते, पण ज्याला त्यात शिरता येत नाही, अशा माणसाचे ते पाहणे आहे. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला वडील आले होते. मी आग्रह करूनही ते सभागृहात बसले नाहीत. दाराशी उभे राहून पाहून गेले. म्हणाले, "इथनं दिसतंय की." योसेफाकडे पाहताना मला ते वाक्य ऐकू येते. हा अर्थ चित्रातला नव्हे, माझ्या पदरचा आहे, हे मी कबूल करते.

काळजी घेण्याजोगी एक गोष्ट

रेम्ब्राँटच्या चरित्रात डोकावले की एक मोह होतो. त्याची पत्नी सास्किया 1642 साली वारली होती. पुढे हेन्ड्रिक्ये स्टॉफेल्स ही त्याच्या घरी राहू लागली. त्यांचे लग्न झालेले नव्हते, म्हणून 1654 च्या उन्हाळ्यात तिला चर्चच्या मंडळाने जाब विचारण्यास बोलाविले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांच्या कॉर्नेलिया या मुलीचा बाप्तिस्मा झाला. त्यातच 1639 साली 13,000 गिल्डरला घेतलेल्या घराचे कर्ज डोक्यावर होते, आणि दोन वर्षांनी, 1656 साली, त्याचे दिवाळे निघाले. म्हणजे ज्या वर्षी तो हे शांत घर तांब्यावर काढीत होता, त्या वर्षी त्याच्या स्वतःच्या घराला एकीकडून लोकापवाद आणि दुसरीकडून सावकार लागलेला होता.

तेव्हा ही आई म्हणजे हेन्ड्रिक्येच, असे म्हणावेसे वाटते. पण तसा पुरावा चित्रात नाही, आणि ठेवण तर मांतेन्याची आहे. मला एवढेच म्हणता येते की घर ही आपोआप टिकणारी गोष्ट नाही, हे त्या वर्षी या माणसाला चांगले ठाऊक होते. चित्रातील शांततेच्या पायाशी साप आहे, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक संबंध आपल्या देशाशी येतो म्हणून सांगते. याच दशकाच्या उत्तरार्धात रेम्ब्राँटने हिंदुस्थानातून गेलेल्या मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. त्यांतील एकात चार वृद्ध झाडाखाली जमिनीवर बैठक मारून बसले आहेत. 1656 साली त्याने अब्राहामाच्या घरी आलेल्या देवदूतांचे एचिंग केले, तेव्हा त्या स्वर्गीय पाहुण्यांना टेबलखुर्चीवर न बसविता तसेच जमिनीवर बसविले. खाली बसण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही. आमची आई आजही खाली बसूनच भाकरी थापते. तरी अशा बसण्याकडे कोणी चित्रकाराने इतक्या लक्षपूर्वक पाहावे, याचे मला नवल वाटले.

समारोप

हे चित्र आपल्याला काय सांगते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ते असे: मोठा अर्थ सांगण्यासाठी मोठी जागा लागत नाही, आणि पवित्र गोष्ट दाखविण्यासाठी घर सोडून जावे लागत नाही. पण हे नुसते बोलून भागत नाही. ते कामात उतरावे लागते. रेम्ब्राँटच्या कामात ते उतरले, कारण त्याने निवडलेली कृतीच तशी होती. तिच्यात प्रत्येक वस्तूला एकच सुई, एकच तांबे, एकच आंबट आणि एकच कोरा कागद मिळतो. देवाच्या आईला आणि मांजराला वेगळी वागणूक नाही.

अभ्यास करताना मी एक गोष्ट शिकले, तीही सांगते. ज्ञान पुस्तकात असते आणि आपण ते घरी घेऊन जातो, अशी माझी समजूत होती. या चित्राच्या बाबतीत उलटे झाले. पुस्तकातले जे कळेना ते आईच्या पातेल्याने आणि वडिलांच्या छिन्नीने उलगडले. ज्यांनी महाविद्यालयाची पायरी कधी चढली नाही त्यांना सतराव्या शतकातील एका मोठ्या कलावंताची रेघ ओळखता आली; मी मात्र सापाला ओलांडून पुढे गेले होते.

यंदा दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरताना तोच रकाना पुन्हा आला. या वेळी मी लिहिले: 'तांब्या-पितळेवर अक्षरे कोरणे.' रकाना लहान होता. शेवटचा शब्द समासात गेला.